आधी मस्टर, मग कायदा
वाटूरच्या छोट्या मालकाने कामगार कायद्यातले बदल कसे वाचावेत

जालन्याहून मंठ्याकडे निघालेल्या रस्त्याला वाटूर फाट्यावर परतूरचा रस्ता फुटतो. अशा फाट्यावर हॉटेल चालते, कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर, गॅरेज, मेडिकल चालते. यातला कोणीही स्वतःला ‘नियोक्ता’ म्हणवून घेत नाही. “आपल्याकडं चार-सहा पोरं हायेत कामाला,” एवढेच तो सांगतो. कायदा मात्र त्याला पहिला पगार हातावर ठेवल्या दिवसापासून नियोक्ताच म्हणतो. जालन्याच्या स्टील कारखान्यात कायदे बघायला वेगळा अधिकारी बसलेला असतो. इथे गल्ला, उधारी, माल आणि कायदा एकाच माणसाच्या डोक्यावर असतात.

पूर्वी हे निभावून जायचे. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ चा. तो जवळजवळ सत्तर वर्षे चालला. बाप ज्या कायद्याने दुकान चालवायचा, त्याच कायद्याने मुलगाही. त्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. २०२२ मध्ये मराठी पाट्यांची दुरुस्ती झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याचा अध्यादेश निघाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी २९ जुने कायदे पोटात घेतले. मोबाईलवर ‘नवा कायदा, मालकांनो सावधान’ अशा संदेशांचा पूर आला तो तेव्हापासून.

हे सगळे वाचत बसण्याची गरज नाही. बदल येतो तो चारच ठिकाणी: कायदा कोणाला लागू, किती पैसे, कोणती तारीख, कोणता कागद. यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राजपत्रात सापडत नाही. ते आपल्याच हजेरीच्या मस्टरमध्ये असते. म्हणून आधी मस्टर उघडायचे, मग कायदा.

‘कायदा आला’ म्हणजे नेमके काय आले?

बातमीत सगळ्यालाच ‘कायदा’ म्हणतात. प्रत्यक्षात त्याच्या पायऱ्या असतात आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे कळले की निम्मी धास्ती जाते.

विधेयक मांडले गेले, तर आज काहीच बदलत नाही. ते मंजूर होऊन स्वाक्षरी झाली की अधिनियम होतो, पण तोही लगेच लागू होईलच असे नाही. वेतन संहिता २०१९ ची आणि बाकीच्या तीन संहिता २०२० च्या. त्या चारही एकत्र लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. मधल्या काळात ‘नवा कायदा लागू’ म्हणून किती संदेश फिरले असतील! त्यामुळे अंमलाची तारीख सांगणारी अधिसूचना राजपत्रात आली का, एवढेच विचारायचे.

त्यानंतर येतात नियम. कोणता नमुना, कोणते रजिस्टर, किती दिवसांत कळवायचे, हे नियम सांगतात. नियमांचा आधी मसुदा निघतो आणि त्यावर हरकती मागवतात. मसुदा म्हणजे नियम नव्हे. नवे नियम पक्के होईपर्यंत जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात. म्हणून जुनी रजिस्टरे बांधून माळ्यावर टाकण्याची घाई करू नये.

अध्यादेशाची गोष्ट वेगळी. विधिमंडळ भरलेले नसताना राज्यपाल तो काढतात आणि तो लगेच लागू होतो. पण पुढचे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर तो संपतो. अध्यादेश वाचला की पुढच्या अधिवेशनात त्याचे काय झाले, हेही बघायचे.

सर्वांत शेवटी शासन निर्णय आणि परिपत्रके. कायदा कसा राबवायचा ते त्यांत असते. खिशावर थेट परिणाम करणारे आकडे, उदाहरणार्थ किमान वेतनातला विशेष भत्ता, याच पायरीवरून खाली येतात.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दिल्लीही कायदा करते आणि मुंबईही. फाट्यावरच्या हॉटेलला दोन्हींकडे बघावे लागते. चार संहिता आल्या म्हणून दुकाने व आस्थापना अधिनियम, व्यवसायकर किंवा कामगार कल्याण निधी गेला, असे झालेले नाही. ते राज्याचे कायदे आहेत आणि उभे आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण करणारा २०१३ चा कायदा आणि बालकामगारविरोधी १९८६ चा कायदा केंद्राचे असले, तरी तेही संहितांच्या बाहेर, स्वतंत्र आहेत.

डोकी मोजा

प्रत्येक कायद्याला एक आकडा असतो. तेवढी माणसे झाली की तो लागू होतो.

एक माणूस ठेवला तरी किमान वेतन द्यावेच लागते. वेतन संहितेने ते आता सगळ्या कामांना लावले आहे. पूर्वी सरकारने अनुसूचीत घातलेल्या धंद्यांपुरतेच ते होते. एका माणसाला महिना साडेसात हजारांच्या वर पगार दिला, तर व्यवसायकर कापावा लागतो. चौदा वर्षांखालचे पोर कामाला ठेवणे हा तर गुन्हाच आहे: सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘शाळा सुटल्यावर टेबल पुसतो’ म्हटल्याने हॉटेलमालक सुटत नाही.

पाच माणसे झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची वर्गणी सुरू होते. २०२४ पासून ती सहामाहीला कामगाराची २५ रुपये आणि मालकाची ७५ रुपये आहे.

दहाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. दहाला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय येतो, ग्रॅच्युइटी येते, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा येते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. दहापेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. नेमणूकपत्र देण्याची सक्तीही दहालाच आहे. जुन्या माणसांना ते संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे होते. राहून गेले असेल तर पहिले काम तेच.

वीसला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि बोनस. पन्नासला कंत्राटी कामगारांचे नियम.

मोजताना दोन चुका हमखास होतात. एक, फक्त ‘पक्की’ माणसे मोजायची आणि रोजंदारीवरची सोडून द्यायची. दुसरी, एक माणूस कमी केला की सुटलो असे समजायचे. सामाजिक सुरक्षा संहितेतले प्रकरण एकदा लागू झाले की पुढे माणसे कमी झाली तरी ते लागूच राहते.

बारा माणसांचे हॉटेल

समजा फाट्यावर एक हॉटेल आहे. एक वस्ताद, दोन मदतनीस, चार वाढपी, भांड्यांवर दोघी, गल्ल्यावर एक, झाडलोटीला एक बाई आणि रात्रीचा वॉचमन: माणसे बारा.

२०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम, म्हणजे शॉप ॲक्ट, आला तेव्हा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला नोंदणी करावी लागे आणि दहापेक्षा कमी असलेल्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असे. आपले हॉटेल तेव्हा नोंदणीत होते. ऑक्टोबर २०२५ च्या अध्यादेशाने हा आकडा वीसवर नेला. वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांसाठी रोजचे कामाचे तास नऊचे दहा केले आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेली. बारा माणसांच्या हॉटेलला आता सूचना दिली की पुरे.

इथेच गफलत होते. “शॉप ॲक्ट वीसला गेला, आपण मोकळे,” असे मालक म्हणतो. शॉप ॲक्टमधून तो बराचसा मोकळा झाला हे खरे. पण ईएसआय, ग्रॅच्युइटी, नेमणूकपत्र आणि अंतर्गत समिती यांचा आकडा दहाच आहे. एका कायद्याचा उंबरठा वर गेला म्हणून दुसऱ्याचा जात नाही. मराठी पाटीला तर आकडाच नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ती लहान दुकानांनाही लागू झाली आणि मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असेही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

आता यातल्या एका वाढप्याचा डिसेंबरचा पगार मांडून बघू. पगार १३,००० रुपये धरू. ईएसआयची त्याची वर्गणी पाऊण टक्का, म्हणजे ९७ रुपये ५० पैसे. अपुरा रुपया पूर्ण धरतात, म्हणून ९८. व्यवसायकर २०० रुपये. डिसेंबर असल्याने कल्याण निधीचे २५. पोळ्याला दिलेल्या उचलीपोटी २,००० कापायचे ठरलेले. एकूण कपात २,३२३ आणि हातात १०,६७७. मालकाने वरून भरायचे ते ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४२३ रुपये, आणि कल्याण निधीचे ७५. वाढपी बाई असती, तर व्यवसायकर शून्य. एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. पगाराचा हा हिशेब वेतनपत्रकात असेल आणि त्याची चिठ्ठी माणसाच्या हातात असेल, तर निम्मा कायदा पाळून झाला.

उचलीबद्दल एवढे लक्षात ठेवा: सगळ्या कपाती मिळून महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. २० हजारांची उचल दोन महिन्यांत वसूल करू म्हटले, तर कायदा आडवा येतो. आणि वाढपी काम सोडून गेला, तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. ‘दिवाळीला ये, बघू’ हे आता चालत नाही.

पगाराचा आकडा कुठून येतो

किमान वेतनाचे दोन भाग असतात. मूळ दर सरकार काही वर्षांनी ठरवते. त्यावर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता चढतो आणि तो वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. त्याचे परिपत्रक कामगार आयुक्त कार्यालयाकडून निघते. कधी ते उशिरा हाती पडते, पण दर तारखेपासूनच लागू होतो आणि मधल्या दिवसांचा फरक द्यावा लागतो. ज्या मालकाला वर्षात दोनच कागद वाचायचे असतील, त्याने हे दोन वाचावेत.

परिपत्रकात आपली ओळ शोधायला तीन गोष्टी लागतात. पहिली धंदा: हॉटेल, दुकान, जिनिंग यांचे दर वेगवेगळे. दुसरी परिमंडळ: मोठी शहरे वरच्या परिमंडळात, वाटूरसारखी गावे शेवटच्या. तिसरी काम: कुशल, अर्धकुशल की अकुशल. वस्ताद आणि भांडी घासणारी बाई यांना एकाच दराने मोजले की पहिली चूक तिथेच होते. आणि एकाच कामाला बाईचा दर कमी लावणे हा तर सरळ कायदेभंग.

वेतन संहितेने ‘वेतन’ कशाला म्हणायचे हेही बदलले. मूळ पगार आणि महागाई भत्ता म्हणजे वेतन. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते बाहेर. पण बाहेर ठेवलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली, तर वरचा भाग वेतनात धरायचा. समजा जिनिंगच्या मॅनेजरला ४०,००० मिळतात, त्यात मूळ १५,००० आणि भत्ते २५,०००. निम्मे होतात २०,०००. भत्ते त्यापेक्षा पाच हजारांनी जास्त. म्हणून वेतन धरायचे २०,०००. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून. दहा वर्षांच्या नोकरीला जुन्या हिशेबाने ८६,५३८ रुपये झाले असते, नव्याने १,१५,३८५ होतात. पीएफ मात्र १५ हजारांच्या मर्यादेवर बारा टक्क्यांनी भरत असाल, तर त्यात फरक पडत नाही. एकच बदल एका खात्यात रक्कम वाढवतो आणि दुसऱ्यात काहीच करत नाही, तो असा.

जिनिंगचा हंगाम

परतूर-मंठ्याच्या या पट्ट्यात कापूस आहे, म्हणून जिनिंगची गोष्ट वेगळी सांगायला हवी. फक्त कापसाची जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याच्या भाषेत ‘हंगामी कारखाना’ असतो आणि ईएसआयच्या प्रकरणातून त्याला वगळले आहे. ग्रॅच्युइटीही हंगामी माणसाला वर्षाला पंधरा दिवसांऐवजी हंगामाला सात दिवसांच्या दराने मिळते. पण किमान वेतन, जादा कामाचा दुप्पट दर आणि सुरक्षेच्या तरतुदी हंगामी माणसालाही पूर्ण लागू आहेत. त्याच आवारात वर्षभर चालणारी तेलगिरणी टाकली, तर ‘फक्त जिनिंग’ ही अट मोडते आणि ईएसआयची सवलत धोक्यात येते. धंदा वाढवताना बँकेचे कागद जसे बघतात, तसे हेही बघावे.

मस्टर का लिहायचे

वेतन संहितेत एक कलम आहे, ते मालकाने कोरून ठेवावे. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा कामगाराने केला, तर तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. रोख पगार देऊन वहीत फक्त टीक करणाऱ्याजवळ त्या दिवशी दाखवायला काहीच नसते. कमी पगाराला दंड ५० हजारांपर्यंत आहे. तोच गुन्हा पाच वर्षांत पुन्हा केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निरीक्षकाच्या पदाला आता सुविधाकाराचीही जोड दिली आहे. पहिल्यांदा त्रुटी सापडली, तर खटल्याआधी ती दुरुस्त करायला मुदत मिळते. तीच त्रुटी पाच वर्षांत पुन्हा सापडली, तर मिळत नाही. म्हणजे पहिली भेट शिकण्यासाठी आहे. तिचा लेखी शेरा जपून ठेवायचा आणि पूर्तता केल्याचे उत्तर लेखी द्यायचे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर

कॅलेंडर घ्या आणि लाल पेनाने या तारखा गोल करा. दर महिन्याची ७ तारीख: मागच्या महिन्याचा पगार. १५ तारीख: ईएसआय आणि पीएफचा भरणा. १ जानेवारी आणि १ जुलै: विशेष भत्ता. १५ जानेवारी आणि १५ जुलै: कल्याण निधी. फेब्रुवारीत दहा हजारांवरच्या पगाराचा व्यवसायकर २०० ऐवजी ३०० कापायचा, म्हणजे वर्षाचे २,५०० पूर्ण होतात. बोनस लागू असेल, तर मार्चला वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत. दिवाळीला दिलात तर तारखेच्या आत आणि माणसेही खूश.

उरला तो नवा बदल. अधिवेशने ठरलेली असतात: अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि डिसेंबरात नागपूरचे हिवाळी. त्यांच्या आगेमागे महिन्यातून एकदा अर्धा तास कामगार आयुक्तांच्या आणि राजपत्राच्या संकेतस्थळावर घालवला तर पुरते. पीएफ-ईएसआय वाले त्यांची परिपत्रके त्यांच्या पोर्टलवर टाकतात. कर सल्लागार किंवा पगारपत्रक बघणारा माणूस नेमला असला, तरी त्याने सांगितलेल्या बदलाचा क्रमांक आणि तारीख मागून घ्यायची. जबाबदारी त्याची नाही, सही करणाऱ्याची आहे.

मोबाईलवर पुढचा संदेश आला की घाबरण्याआधी पाच प्रश्न वहीत लिहा. हे विधेयक आहे, अध्यादेश की लागू झालेला कायदा? केंद्राचा की राज्याचा? किती माणसांना लागू आणि माझ्याकडे आज किती? पैसे, तारीख आणि कागद यांतले नेमके काय बदलते? आणि अधिसूचनेचा क्रमांक काय? पाचव्या प्रश्नाचे उत्तर संदेशात नसेल, तर तो पुढे पाठवू नका. पहिल्या चारांची उत्तरे मिळाली, की बदल मस्टरच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. वर्षाअखेरीस ते पान वाचले की पुढच्या वर्षीच्या पगाराचा, माणसे ठेवण्याचा आणि भावाचा अंदाज मालकाला स्वतःलाच बांधता येतो.